तिच्यासोबत शोधलेल्या वाटा

गणपती गेले की उन्हाचा स्वभाव बदलतो. पावसाळाभर ढगांआड दबून राहिलेलं ऊन एकदम उघडं पडतं आणि दुपारी अंगाला चावायला लागतं. खेडच्या बाजारात छत्र्या दुकानांच्या आत जातात, जगबुडी नदीचं पाणी गढूळपणा सोडून हिरवट दिसायला लागतं. ज्या मैदानात मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते, तिथला चिखल वाळतो आणि शिकाऊ चाकांनी काढलेली वेडीवाकडी वळणं त्यात तशीच घट्ट होऊन बसतात. वारा भातावरून येतो. पोटरीतून बाहेर पडलेल्या भाताला एक वास असतो, दुधाचा म्हणावा तर दुधाचा नाही, गवताचा म्हणावा तर त्याहून गोड. तो वास आला की माझा उजवा हात आपोआप मोटरसायकलच्या मुठीकडे जातो.

हे दिवस सड्यावर जायचे. सडा म्हणजे आमच्याकडची जांभ्याची उघडी पठारं. पावसात ती निसरडी असतात, उन्हाळ्यात तव्यासारखी तापतात. मधले हे थोडेच दिवस असे, की खाली कातळात ओल असते, वर गवत सोनेरी होत जातं, पाणी साचलेल्या खळग्यांभोवती सीतेच्या आसवांच्या फुलांचा जांभळा पट्टा अजून टिकून असतो आणि चाकाखाली जमीन धरून ठेवते. वर्षभर गाडी शहरातल्या खड्ड्यांतून घरंगळत असते. ती खरी चालते ती या दिवसांत.

दर वर्षी या दिवसांत मला तिकडे जायची ओढ लागते. आणि ओढ लागते तोच दुसरं काहीतरी मागे खेचतं.

मी ज्या सड्याबद्दल लिहिते आहे तो माझ्या आजोळचा. गावाचं नाव मी आता कुणाला सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच दिवसांत रेवती आली. आमचं खेडला मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. पूर्वी बाबा चालवायचे, आता मी चालवते आणि बाबा दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. ती दाराशी थांबली ती माझी गाडी बघून. उंच, खाचांच्या टायरची, मडगार्डपर्यंत तांबड्या चिखलाने माखलेली.

"ही कुणाची?" तिने बाबांना विचारलं.

"लेकीची," बाबा म्हणाले. "आमच्या घरात गाडी धुवायची पद्धत नाही."

ती हसली. मी बाहेर आले तर ती गाडीशेजारी उकिडवी बसून चेनवरची माती बोटाने खरवडत होती. तिशी ओलांडलेली, सावळी, केस कापलेले, पायात झिजलेले रायडिंगचे बूट. बुटाच्या डाव्या टोकावर गिअर बदलून बदलून पडलेला काळा डाग होता. तो डाग पाहिला आणि मला ती आवडली. एखाद्या बाईच्या बुटावर तो डाग मी पहिल्यांदाच पाहत होते.

पुण्याची आहे म्हणाली. जुन्या खाणींच्या भागात ऑफ-रोड रायडिंगचे ट्रेल आखायचं काम तिने घेतलं होतं. "बाहेरचे रायडर येतील, दोन दिवस गावात राहतील, गावातलंच जेवतील. रिसॉर्ट नको, काँक्रीट नको. फक्त वाटा. पण मला एकटीला त्या सापडणार नाहीत. तुम्ही दाखवाल?"

मी तोवर बरीच वर्षं एकटीच सड्यावर जात होते. एकट्या बाईने मोटरसायकल घेऊन कातळावर जाण्याचं लोकांना एक तर हसू येतं, नाहीतर काळजी वाटते. नवरा नाही, मूलबाळ नाही, म्हणून हे खूळ, असंही बोललं जातं. मी ते ऐकलेलं आहे. पडले तर गाडी उचलायला दुसरं माणूस असावं, वर पोचल्यावर "बघितलंस?" म्हणायला कुणी असावं, एवढंच मला हवं होतं. मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेले. "तुम्ही"चं "तू" व्हायला अर्धा घाटही लागला नाही.

खाण बॉक्साइटची. मी शाळेत होते तेव्हा ती चालू होती आणि बाबा तिच्यावर डंपर चालवायचे. सुट्टीत आजोळी गेलं की सगळं तांबडं असायचं. वाळत घातलेले पापड तांबडे, गुरांच्या पाठी तांबड्या, मामीच्या नाकपुड्यांच्या कडा तांबड्या. भाताच्या पात्यावर धूळ बसायची आणि दाणा भरायचा नाही. विहिरीचं पाणी माघातच तळाला जायचं. मग एक दिवस माल संपला म्हणाले, किंवा परवडेना म्हणाले, आणि मायनिंगवाले निघून गेले. नेता आलं ते नेलं, खड्डे ठेवून गेले. हळूहळू विहिरीत पाणी राहायला लागलं. खड्ड्यांत पावसाचं पाणी साठून गडद हिरवी तळी झाली. ट्रकांच्या वाटांवर आधी रानमोडी उगवली, मग करवंद, मग गवत. जमीन बरी व्हायला माझं अर्धं आयुष्य लागलं, आणि मी तिच्यावर गाडी घेऊन जायला लागले तेव्हा ती नुकती चालायला लागलेल्या आजाऱ्यासारखी होती.

अशा जागी वाट निवडणं सोपं नसतं. वरून सगळं सपाट, मोकळं दिसतं. पण खाणीचा काठ आतून पोखरलेला असतो. गवत जिथे संपतं त्याच्या बरंच आधी जमीन संपलेली असते. सुट्या जांभ्याचे गोटे चाकाखाली सुपारीसारखे पळतात. पाण्याने पाडलेल्या घळी गवताखाली लपून असतात. माझा नियम होता, आधी पायी, मग गाडी. ज्या वाटेवरून जायचं ती पूर्ण चालून यायची, काठीने ठोकत, ऐकत. पोकळ जमिनीचा आवाज वेगळा येतो. रेवतीला हे फार आवडलं. गाड्या सावलीला लावून आम्ही तासन् तास चालायचो. ती मोबाइलवर वाट उमटवत जायची, मी काठी आपटत पुढे. परत येऊन गाडीवर बसलं की तीच वाट वेगळीच व्हायची. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे, नजर लांब ठेवायची, आणि खालून कातळ सगळं अंग खिळखिळं करत जायचा. कानांत वारा, तोंडात धूळ, आणि डाव्या हाताची बोटं क्लचवर दुखून येईपर्यंत.

तिच्या दोन सवयी मला तेव्हा कौतुकाच्या वाटल्या. एक, ती प्रत्येक वाटेबद्दल विचारायची, "यावरून मोठी गाडी येईल का?" कुणी पडलं, हाड मोडलं, तर ॲम्ब्युलन्स वर यायला हवी, असं तिचं म्हणणं. मला अरुंद, वळणांच्या पायवाटा आवडायच्या. तिची पसंती नेहमी ट्रकांच्या जुन्या रस्त्यांना, रुंद, भरल्या गाडीला उतार सोपा जावा अशा आखलेल्यांना. आणि दुसरी सवय, ती विचारायची, "हे कुणाचं?" प्रत्येक तुकड्याला. "कुणाच्या जमिनीतून न विचारता जायचं नाही, शुभा. त्यांची परवानगी आधी." मी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं, शहरातली माणसं असावीत तर अशी.

दत्तूमामा आणि मामीकडे तर ती माझ्याआधी जाऊन बसायची. मामाचं घर गावात सगळ्यांत वर, सड्याला लागून. पहिल्या दिवशी मामाने तिला विचारलं, "तू पण फटफटीवरनं आलीस? तुज्या आईला ठाव हाय काय?"

"आई घाबरते, म्हणून सांगत नाही," ती म्हणाली.

"बरी हाय. आमची ही पण सांगत नाय, नि मग पडून येते," मामा माझ्याकडे बघून म्हणाला, आणि दोघं हसली.

भातकापणी सुरू झाली तेव्हा रेवतीने मामीकडून विळा मागून घेतला. दोन वाफे कापेपर्यंत तिच्या बोटांना फोड आले, पण ती उठली नाही. मामीने स्वतः तिच्या बोटांना खोबरेल लावलं. संध्याकाळी चुलीपाशी बसून तिने तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्ली. खाता खाता बोलणं जमिनीकडे वळलं, कारण आमच्याकडे कापणीच्या दिवसांत बोलणं दुसरीकडे वळतच नाही. वरचा सडा मामाचा आणि त्याच्या चुलतभावांचा सामायिक. चुलतभाऊ मुंबईला. कुणी गिरणी गेल्यावर वॉचमन झालेला, कुणाची पोरं शिकून तिकडेच राहिलेली. कुणाचं आपसात पटत नाही, कोण दहा वर्षांत गावाला आलेलं नाही, कुणाच्या घरात आजारपण आहे, हे सगळं मामी सांगत होती. भाकरी थापता थापता, जसं घरच्या माणसाला सांगावं तसं.

"मुंबईला जाशील तर आमच्या धाकट्या जावेकडे जा गो," मामी तिला म्हणाली. "माजी आमसुलं देते, तेवडी पोचव. तिला फार आवडतात. आमचं बोलणं नाय आता, पण तू दे."

रेवतीने पत्ता लिहून घेतला. जाताना वाकून नमस्कार केला. मामीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली.

आणि बाबा. बाबांनी खाणीबद्दल मला कधी काही सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. तांबडी धूळ आणि त्यांचा खोकला एवढंच मला माहीत होतं. रेवती स्कूलमध्ये आली की स्टूल ओढून त्यांच्या खुर्चीशेजारी बसायची. "काका, भरलेला डंपर घेऊन तुम्ही तो उतार कसा उतरायचात?" एवढंच विचारायची. मग बाबा सुटायचे. कुठल्या वळणावर ब्रेक दाबायचा नाही, गिअरवरच धरायची. कुठे पाऊस पडला की रस्ता खचायचा. कुठल्या खड्ड्यात माल अजून आहे पण पाणी लागलं म्हणून सोडला. हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवत सांगायचे. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आईच्या माघारी पाहिला नव्हता. मी बायकांना आठचा आकडा काढायला लावत मैदानातून त्यांच्याकडे बघायचे, आणि मला रेवतीबद्दल कृतज्ञता वाटायची. होय, हाच शब्द.

त्या सगळ्या दिवसांतला एक दिवस वेगळा आहे. आम्ही सर्वांत वरच्या खाणीला वळसा घालणारी वाट शोधत होतो. ती चालून झाली होती, आता गाडीवरून करायची होती. शेवटच्या चढाला रेवतीचं मागचं चाक गोट्यांवर फिरलं आणि ती गाडीसकट माझ्या दिशेने घसरत आली. मला बाजूला व्हायला जागा नव्हती. दोन्ही गाड्या एकमेकींत अडकल्या आणि आम्ही करवंदीच्या जाळीत. आधी ती ओरडली, मग मी ओरडले, मग दोघींना हसू फुटलं आणि थांबेना. तिच्या केसांत काटे, माझी बाही कोपरापर्यंत फाटलेली. गाड्या सोडवायला आम्हाला एवढा वेळ लागला की ऊन कलायला लागलं. मग खाणीच्या तळ्याकाठी बसलो. पाणी हलत नव्हतं. समोरच्या काठावर दोन धोबी पक्षी शेपट्या हलवत टुणटुणत होते. नुकतेच कुठून लांबून आलेले. रेवतीने बूट काढून पाय पाण्यात सोडले.

"शुभा, हे कुणाला सांगूच नये असं वाटतं," ती म्हणाली.

"मग नको सांगू."

ती माझ्याकडे बघून हसली आणि पुन्हा पाण्याकडे बघत राहिली. मला वाटलं, किती सुंदर बोलली.

दिवाळीला ती पुण्याला गेली. मग फोन आले, मग मेसेज आले, मग नुसते अंगठे आले. ट्रेलचं काय झालं विचारलं तर "वरून हिरवा कंदील यायचाय" म्हणाली. कामाची माणसं अशीच असतात, असं मी मानलं.

शिमग्याला मुंबईकर गावात येतात. मीही मामाकडे होते. सकाळी मामा तरव्याची, म्हणजे भाताची रोपं करायची, जमीन भाजायला फांद्या तोडायला वर गेला, त्याच्याबरोबर मी गेले. मामा झाडावर चढून कोयतीने डहाळ्या पाडत होता, मी खाली गोळा करत होते. तेवढ्यात ट्रकांच्या जुन्या रस्त्याने एक पांढरी मोठी गाडी वर येताना दिसली. त्या रस्त्याने इतक्या वर्षांत चारचाकी आलेली नव्हती. वाटेतली करवंदं कुणीतरी आधीच साफ केलेली होती.

गाडी आमच्यापासून थोडी पुढे जाऊन थांबली. मामाचे दोन चुलतभाऊ उतरले. चकचकीत बुटांतले दोन अनोळखी पुरुष उतरले. आणि पुढच्या सीटवरून रेवती उतरली, सलवार-कमीजमध्ये, डोळ्यांवर काळा चष्मा. ती हात लांब करून त्या दोघांना दाखवत होती, "रस्ता इथून असाच खालपर्यंत जातो. उतार सगळीकडे सारखा आहे. फक्त दोन ठिकाणी भर घालावी लागेल." मग एका खड्ड्याकडे बोट, "आणि हा पाणी लागलं म्हणून अर्धवट सोडलेला."

बाबांचेच शब्द. तिच्या तोंडून.

मी डहाळ्यांचा भारा हातात घेऊन उभी होते. तिने वळून मला पाहिलं. क्षणभर तिचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, आता ती ओळख दाखवणार नाही. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण तिने चष्मा डोक्यावर सरकवला, हसली आणि त्या दोघांना म्हणाली, "ह्या शुभांगी. हा सगळा भाग यांनीच मला फिरवून दाखवला. यांच्याशिवाय हे जमलंच नसतं."

त्यातल्या एकाने मला नमस्कार केला. "मॅडम, तुमची फार मदत झाली."

मामा झाडावरून उतरला होता. कोयती हातात तशीच. त्याने नमस्कार करणाऱ्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चुलतभावाला म्हणाला, "काय रे बाळा, काय चाललंय?"

"दादा, घरी बोलू," चुलतभाऊ जमिनीकडे बघत म्हणाला.

मी रेवतीला बाजूला घेतलं.

"तू ट्रेल आखत होतीस."

"ट्रेलही होताच डोक्यात. ते म्हणाले पुढे बघू."

"ते कोण?"

तिने गाडीकडे एकदा वळून पाहिलं. "शुभा, मी कुणाला फसवलेलं नाही. विकणारे आपल्या मर्जीने विकतायत. त्यांचा हिस्सा आहे, त्यांना गरज आहे."

"त्यांना गरज आहे हे तुला मामीच्या चुलीपाशी कळलं."

"कळलं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं." मग हळू आवाजात म्हणाली, "आपली मैत्री खोटी नव्हती. तुला काय वाटेल ते वाटू दे, पण ती खोटी नव्हती."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

ती सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "तू आणलं नसतंस मग."

ती गेली. गाडी वळताना चाकाखाली तोडलेल्या डहाळ्या आल्या आणि कडकड मोडल्या.

उतरताना मामा पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर तो न वळता म्हणाला, "तुला म्हाईत होतं?"

"नाही मामा. शप्पत."

"हूं," तो म्हणाला. एवढंच. मी कितीतरी वेळा तो "हूं" मनात फिरवून पाहिला आहे. त्यात विश्वास होता की नव्हता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुढचं सांगायला फार नाही. मुंबईच्या भावांनी आपापले हिस्से नव्या खाणवाल्यांना विकले. त्या सगळ्यांच्या घरी रेवती गेली होती. दिवाळीआधीच, आम्ही इकडे भात झोडत असताना. धाकट्या जावेच्या दारात ती आमसुलांची पुडी घेऊन उभी राहिली होती. म्हणाली होती, मामींनी पाठवलंय, विचारलंय तुम्हाला. वर्षानुवर्षं बोलणं नसलेल्या घराचं दार त्या पुडीने उघडलं. हे मामीला नंतर कळलं. तिने शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "माज्या हातची आमसुलं नेलीन तिनं." आणि तो सबंध मोसम तिने आमसुलं घातली नाहीत. फळं झाडाखाली पडून कुजली.

मामाने आपला हिस्सा दिला नाही. वाटणीत तो मधोमध आला आहे, पाणंदीला धरून. त्याच्या दोन्ही बाजूंनी आता सिमेंटचे खांब आणि तारा आहेत. खाण अजून सुरू झालेली नाही. परवानग्यांचं चाललं आहे म्हणतात, सुनावणी होणार म्हणतात. कधी वाटतं होणारच नाही, कधी वाटतं उद्या सकाळी डंपर येतील. गुरं वळसा घालून जातात. आमच्या सगळ्या वाटा तारेच्या आत आहेत. मी एकदा जाऊन पाहून आले. बाहेरून.

बाबांना मी घाबरत घाबरत सांगितलं. ते रागावतील, निदान दुखावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "हुशार होती पोर. विचारायचं कसं ते तिला कळायचं." आणि जरा वेळाने, "माझ्याशी इतकं कुणी बोललंच नव्हतं, शुभा." मी आत जाऊन पंखा सुरू केला आणि उगीच लर्निंग लायसन्सचे फॉर्म जुळवत बसले. मला तिने जेवढं फसवलं त्याहून अधिक बाबांना फसवलं, आणि बाबांना अजून ती यावी असं वाटतं. स्कूलच्या दाराशी एखादी मोटरसायकल थांबली की ते मान वर करतात.

लोक म्हणतात, झालं ते विसर, नवीन वाटा शोध. वाटा आहेत. दाभोळकडे उतरणाऱ्या आहेत, पावसकडच्या बागांच्या कुंपणांमधून जाणाऱ्या आहेत. मी जातेही. मला सलते ती गोष्ट वेगळी आहे. दगा पुढच्या दिवसांचा होत असता तर सोसता आला असता. तो मागे जाऊन झालेले दिवस खराब करतो. त्या मोसमातली एकेक गोष्ट मला आता दोनदा आठवते. एकदा जशी झाली तशी, आणि एकदा जशी असणार तशी. ती विळा घेऊन वाफ्यात वाकली होती तेव्हा तिच्या बोटांना फोड खरंच आले होते, मी पाहिलेत. पण वाकल्या वाकल्या ती बांध मोजत होती का? मी सीतेची आसवं बघत होते तेव्हा त्याच कातळाकडे बघून तिला काय दिसत होतं? तळ्याकाठी "कुणाला सांगूच नये" म्हणाली, ती खरंच म्हणाली असेल. तिला खरंच तसं वाटलं असेल. त्याचा मला जास्त राग येतो. सगळंच नाटक असतं तर मी ते सगळंच टाकून दिलं असतं. पण हसता हसता करवंदीत अडकलेल्या दोघींमधली कुठली खरी, हे मला उपसून वेगळं काढता येत नाही. आणि तो दिवस माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दिवसांपैकी होता. त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडे दुसरा नाही.

गेल्या पावसाळ्यात तिचा मेसेज आला होता. "नवी गाडी घेतली. तुझी आठवण आली. कुठेतरी भेटूया?" खाली एक फोटो, गाडीचा. गाडी चांगली होती. मी बराच वेळ बघत राहिले आणि मग नंबर काढून टाकला. उत्तर द्यायला शब्द होते. पण माझ्याकडून तिला पुन्हा काही कळावं असं वाटलं नाही, अगदी माझा राग किती आहे हेसुद्धा.

मामाकडे जाणं एक वर्षभर जवळजवळ बंदच होतं. मग पुन्हा सुरू झालं, कुणी कुणाला काही न बोलता, जसं आमच्या घरांमध्ये होतं. या वर्षी मामीचा फोन आला, "भात झोडलं गो. नवे तांदूळ घेऊन जा, बापसाला पेज करून घाल." मी डांबरी रस्त्याने गेले, सड्यावरून नाही.

पोचले तेव्हा दुपार होती. अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली, सगळीकडे तुसाचा बारीक धुरळा. पडवीत मामा आणि गावातले चार जण बसले होते. मामा काहीतरी सांगत होता, "... सुनावणीला आपण सगळ्यांनी मिळून जायचं, पण त्येच्या आधी आपल्यातलं एक..." माझी सावली दारात पडली आणि वाक्य तिथेच थांबलं.

"ये गो, ये," मामा म्हणाला. मनापासून म्हणाला, चेहरा फुललेला होता. "बस. बापूस बरा हाय? खोकला कसा हाय?"

"बरा आहे."

मी खांबाला टेकून बसले. चौघांपैकी एक वर कौलांकडे बघायला लागला, एकाने तंबाखूची डबी काढली. पाऊस यंदा लांबला असं कुणीतरी म्हणालं. होय, लांबला, असं दुसरा म्हणाला. मी मामाकडे पाहिलं. तो हातातला पेंढ्याचा काडा मधोमध चिरत होता.

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. माझ्या पाठीवर हात ठेवला, कपाळावर चिकटलेले केस मागे सारले. तिचा हात ऊबदार होता, त्याला नव्या भाताचा वास होता.

"दमलीस गो बाय," ती म्हणाली. "बस हां, पान घेते. त्येच्या आधी जरा विहिरीवरनं एक कळशी पाणी आणतेस?"

तिच्या मागे, आतल्या दाराशी, हंडा दिसत होता. काठोकाठ भरलेला. वर तांब्या ठेवलेला.

"आणते," मी म्हटलं.

कळशी घेऊन मी मागल्या दाराने निघाले. विहीर घरापासून लांब नाही. मी पोहरा सोडला, पाणी ओढलं, कळशी भरली. तोवर पडवीतलं बोलणं पुन्हा सुरू झालेलं होतं. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, मामाचा, मग दुसऱ्या कुणाचा, मग सगळ्यांचा मिळून. मी भरलेली कळशी कठड्यावर ठेवली आणि तो आवाज थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.